ऑनलाइन की ऑफलाइन, ते सोडा, राहायचं कुठे?

कॉलेजच्या पोरांना ‘ऑनलाइन बरं वाटतं की वर्गात?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. ऑनलाइनवाले म्हणतात, लेक्चर थांबवून पुन्हा ऐकता येतं, प्रवास वाचतो. वर्गवाले म्हणतात, सर समोर असले की लक्ष लागतं. दोन्ही खरंय. पण आमच्या राहूत हा प्रश्न शिकण्याच्या आधी राहण्याचा असतो.

राहू दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या बेटात. ऊस, गुऱ्हाळं आणि उसात बिबटे. पुण्यात शिकायचं तर रोज यवत किंवा केडगावहून रेल्वे, नाहीतर तिकडेच कॉट बेसिसवर खोली आणि मेस. माझी खोली बारावीच्या निकालाआधीच ठरली होती. वर्षाने लहान असलेल्या चुलत बहिणीच्या बीएस्सीसाठी मात्र घरात महिनाभर बैठका झाल्या.

मार्च २०२० मध्ये दोघंही गावी परतलो, दोघंही शेवटच्या वर्षाला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. आमच्याकडे लॅपटॉप होता, म्हणजे आम्ही तसे सुखीच. मी माडीवर दार लावून बसायचो. खाली पोरांनी गलका केला की काकी दटावायची, “दादाचा क्लास चाललाय.” बहिणीचा क्लास कणीक मळता मळता चालायचा. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, माईक बंद, कॅमेरा बंद. हजेरी लागायची. घरात कुणी दुष्ट नव्हतं. पोरगी समोर दिसतेय म्हणजे मोकळीच असणार, एवढाच हिशोब.

परीक्षा होणार की नाही यावर तेव्हा केवढं रण माजलं होतं! शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. आमच्या पुणे विद्यापीठाने ऑनलाइन आणि ऑफलाइन असे दोन्ही पर्याय ठेवले. मी डोळे झाकून ऑनलाइन निवडला. तिने ऑफलाइन. करोनाचे दिवस, म्हणून नाना चिडले. ती म्हणाली, “सेंटरवर तासभर तरी कुणी हाक मारणार नाही.”

विद्यार्थ्यांची पसंती मोजताना हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता तिची धाकटी बहीण बारावी झालीय. मद्रास आयआयटीची ऑनलाइन पदवी २०२० पासून आहे, हे नानांना कुणीतरी सांगितलं. घरबसल्या आयआयटी, वर खोलीभाडं वाचतंय! सॉफ्टवेअरवाला म्हणून त्यांनी मला विचारलं. अभ्यासक्रम चांगलाच आहे. एनपीटेलच्या व्हिडिओंवर मीही बरंच शिकलोय, वर्गात न कळलेले विषय तिथे कळले. पण मी व्हिडिओ बघायचो तेव्हा माडीचं दार बंद असायचं. म्हणून मी नानांना म्हटलं, ऑनलाइन करू द्या, पण पुण्यात खोली घेऊन, नाहीतर निदान अभ्यासिकेत जागा लावून.

“मग ऑनलाइनचा फायदा काय?” नाना म्हणाले.

थोरली माहेरी आली होती. तिने भाकरी थापता थापता विचारलं, “नाना, माडी देता का तिला? आतून कडी लावून?”

माडीवर सध्या खताची पोती आहेत. धाकटीने दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेवलेत.