सतरावे नाव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या कॉलेजच्या फलकावर फुटबॉल संघाची यादी लागली. तीत अठरा नावे होती आणि सतरावे नाव माझे होते. आमच्या घराण्यातले नाव शाळेच्या हजेरीपटापलीकडे कुठल्या फलकावर लागण्याची ती पहिलीच वेळ. मी ती यादी तीनदा वाचली. पहिल्यांदा स्वतःचे नाव शोधण्यासाठी, दुसऱ्यांदा ते खरेच आहे ना हे पाहण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा जे नाव तिथे नव्हते त्याची आठवण झाली म्हणून. त्या नसलेल्या नावाविषयी आज लिहायचे आहे.

आम्ही अर्नाळ्याचे. किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओली, घट्ट पुळण उघडी पडते. तेच आमचे मैदान. सुरूच्या झाडांकडची बाजू जमिनीची, दुसरी पाण्याची. चेंडू समुद्राकडे गेला की ज्याने मारला त्याने आणायचा, एवढा एकच नियम कडक होता. बाकी खेळ अनवाणी. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच महिन्यात जन्मलो, एकाच वर्गात शिकलो, बारावी झाल्यावर एकाच दिवशी कॉलेजात नाव घातले. दोघेही उजव्या बगलेवर खेळणारे. पण तो माझ्यापेक्षा सरस. हे मी आज मोठेपणाने म्हणत नाही, पुळणीवरचे लहान पोरही सांगेल. मी पळतो. तो पळता पळता थांबतो, आणि त्या थांबण्यात समोरचा फसतो.

कॉलेजात बूट लागतात म्हणून आम्ही दोघांनी मे महिन्यात बंदरावर मासळी निवडण्याचे काम करून पैसे साठवले आणि बुटांचा एक जुना जोड घेतला. दोघांत एकच. पाय सारखे होते, आणि चाचणीत एक जण खेळेल तेव्हा दुसरा बाहेर असेल, असा हिशेब होता.

चाचणी नेमकी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आली. ज्यांचा समुद्राशी संबंध नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाण्याला ओढ असते, आणि डोलीच्या जाळ्यांना मासळी लागते ती त्याच दिवसांत. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी मंद होते आणि होड्या बऱ्याचशा बसून असतात. काकांची स्वतःची होडी आहे. त्या दिवशी त्यांचा एक खलाशी गावाहून परतलाच नव्हता. पावसाळाभर घरात पैसा आलेला नव्हता. उधाणाचा पहिला दिवस फुकट घालवणे परवडणारे नव्हते. माझे बाबा बंदरावर बर्फ फोडण्याचे काम करतात. आमच्याकडे होडी नाही, म्हणून मी मोकळा होतो. ज्याच्या घरी होडी, तोच अडकला.

पहाटे चारला तो आमच्या दारात आला. बुटांचा जोड माझ्या हातात देऊन म्हणाला, “सरांना सांग, होडीवर जावं लागलं. रविवारी बोलावतील तर येतो. विसरू नको.”

मी विसरलो नाही. हेच तर सांगायचे आहे. मैदानावर सरांनी हजेरी घेताना विचारले, “अर्नाळ्याचा दुसरा कुठे आहे?” मी म्हणालो, “आला नाही, सर.” सरांनी त्याच्या नावावर रेघ ओढली. मी बोललो त्यात खोटे काहीच नव्हते. तो आला नव्हता, हे खरेच होते. पण का आला नव्हता ते मी गिळले, कारण उजव्या बगलेच्या जागा दोन होत्या आणि त्या दिवशी त्या जागेसाठी आम्ही तिघे उभे होतो. संध्याकाळी त्याने विचारले, “सांगितलंस ना?” मी म्हणालो, “सांगितलं.” ते मात्र पूर्ण खोटे होते.

मनाला टोचणी लागलेली असली की माणूस जिथे तिथे तीच गोष्ट शोधत बसतो. त्यानंतर काही दिवसांनी मी ‘मैदान’ हा चित्रपट पाहिला. २०२४ साली आलेला हा चित्रपट सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या प्रशिक्षकावर आहे. सामन्यांपेक्षा माझे लक्ष संघनिवडीवरच खिळून राहिले. मग मिळेल तेथून स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या फुटबॉल संघांविषयी वाचत गेलो. सामने सगळे सांगतात. मला हवी होती ती याद्यांची गोष्ट.

स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक संघ १९४८ साली लंडनला गेला. कर्णधार होते नागा टेकड्यांतले तालिमेरेन आओ, कलकत्त्यात डॉक्टरीचे शिक्षण घेणारे. बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण २-१ असे हरलो. हे वाचताना मला आमची पुळण आठवली आणि हसूही आले. तिथे कुणी आमच्या पायांकडे पाहून आश्चर्य करत नाही. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

या दोन ऑलिंपिकच्या मध्ये एक न झालेला प्रवास आहे. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक होता. आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्याने भारताला आयतीच जागा मिळाली होती. आपण गेलो नाही. बुटाशिवाय खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही कथा आमच्या गावात मोठी माणसेही रंगवून सांगतात. महासंघाने दिलेले कारण वेगळेच होते: संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. शैलेन मन्ना हे त्या संघाचे कर्णधार व्हायचे होते. त्या वेळी आपल्याकडे ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व कुणाला वाटत नव्हते, असे त्यांनीच पुढे सांगितले. म्हणजे एक संपूर्ण संघच यादीबाहेर राहिला. घरी बसलेल्या त्या खेळाडूंना त्या वेळी काय वाटले असेल? कदाचित काहीच नाही. आपण काय गमावले हे बऱ्याचदा त्याच वेळी कळत नाही.

आपल्या जवळचे म्हणावे असे नाव १९५६ च्या यादीत भेटते. नेव्हिल डिसोझा हे गोव्यातल्या असगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबईत ते कॅल्टेक्सकडून खेळत. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. त्याच संघात मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायणही होते. परकी सत्ता असलेल्या मुलखात जन्मलेला मुलगा मुंबईत आला, कंपनीच्या संघात शिरला आणि देशाच्या यादीत पोचला. यात त्याच्या पायांचे कर्तृत्व आहेच. पण वाटेत मुंबई नसती, कंपनीचे संघ नसते, कूपरेजचे मैदान नसते, तर ते पाय कुणी पाहिले असते?

याच संघात हैदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुलसीदास बलराम होता, जेमतेम वीस वर्षांचा. त्याची हकीगत वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. रहीम यांनी त्याला हेरले आणि हैदराबादला सरावाला यायला सांगितले. पण रोज येण्याजाण्याचा खर्च त्याच्या घरच्यांना झेपणारा नव्हता. तेव्हा रहीम यांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले, असे सांगतात. हे रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईतला रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला होता. एवढ्या मोठ्या माणसाला, मैदानावर न आलेला मुलगा का आला नाही, हे विचारावेसे वाटले. बलराम दोन ऑलिंपिक खेळला. त्या दोन ऑलिंपिकांच्या मुळाशी एक सायकलभाडे आहे. खरी निवड शिट्टी वाजल्यावर सुरू होत नाही. कोण मैदानापर्यंत पोचला, इथेच ती अर्धीअधिक होऊन गेलेली असते. उरलेल्यातून निवडणे त्या मानाने सोपे.

यादीत येऊनही सगळे मिळते असे नाही. गोव्यातल्याच कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको, मुंबईत टाटांकडून खेळणारे. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांचे नाव होते. भारत तीन सामने खेळला. फ्रँको एकाही सामन्यात उतरले नाहीत. दोन वर्षांनी जकार्त्याच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तेच मधल्या फळीत खेळले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले, त्या अंतिम सामन्यात ते होते. पण त्याच सामन्यात दुसऱ्या एकाची जागा गेली. उपांत्य सामन्यात गोलात उभा राहिलेला प्रद्योत बर्मन बाहेर बसला आणि आजारातून उठलेला उंचापुरा पीटर थंगराज आत आला. बर्मनची काही चूक झाली होती म्हणून नव्हे. कोरियाविरुद्ध रहीम यांना उंच गोलरक्षक हवा होता. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला त्यांनी बचावातून काढून आघाडीला लावले आणि त्याने गोल केला. रहीम स्वतः तेव्हा कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

बर्मनची गोष्ट वाचली आणि मला माझ्यातला व रहीम यांच्यातला फरक कळला. त्यांनीही एका माणसाला बाहेर ठेवले, मीही ठेवले. पण त्यांचा निर्णय संघासाठी होता आणि तो त्यांनी सगळ्यांसमोर घेतला. मी घेतलेला निर्णय निर्णयासारखा दिसतसुद्धा नव्हता. मी फक्त गप्प राहिलो होतो. निवड समितीवर नसलेला माणूसही निवड करू शकतो. आणि अशा निवडीचा जाब कुणी विचारत नाही.

माझा चुलतभाऊ प्रथम वर्षानंतर कॉलेजात आला नाही. आता तो होडीवरच असतो. संघात त्याचे नाव लागले असते तर तो टिकला असता का, हे मला सांगता येत नाही. काकांचे कर्ज, खलाशांची टंचाई ही कारणे माझ्या एका वाक्याहून मोठी आहेत, असे मी रात्री स्वतःला समजावतो. पण चाचणीच्या आधी तो रोज सकाळी बसच्या थांब्यावर माझ्याआधी उभा असे आणि नंतर तो मधूनच येऊ लागला, हेही मला दिसत होते.

गेल्या जुलैत मी त्याला सगळे सांगितले. तो ओट्यावर जाळे विणत बसला होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग विचारले, “किती सामने खेळलास?”

“एकही नाही. बाकावरच होतो.”

तो हसला. “मग त्या बाकावर मीसुद्धा बसलो असतो की.” आणि थोड्या वेळाने, जाळ्याकडेच बघत म्हणाला, “सांगायला वर्ष लागलं तुला.” याहून अधिक तो काही बोलला नाही. बूट परत द्यायला मी नेले होते. ते त्याने घेतले नाहीत, आणि मलाही ते उचलून आणवले नाहीत. अजून ते त्याच्या ओट्यावर खुंटीला आहेत.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्या दिवशी का नाही बोललास?” मला उत्तर देता आले नाही. मग मी धीर करून म्हणालो, “सर, यंदा चाचणी भांगात ठेवा.” भांग म्हणजे काय ते सरांना समजावून सांगावे लागले. फळ्यावर चंद्राच्या तिथी लिहून मी त्यांना भरतीचे गणित दाखवले. दोन वर्षांत कॉलेजात मी कुणाला काही शिकवले असेल तर ते तेवढेच.

यंदाची चाचणी अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी झाली. होडीवर जाणारी तीन मुले आली. एकाची निवड झाली, दोघे परत गेले. ते खेळात कमी पडले आणि तसे त्यांना तोंडावर सांगण्यात आले. निवडलेला मुलगा उजव्या बगलेवर खेळतो. पहिल्या दोन सामन्यांत तो खेळला आणि मी त्याच्यासाठी बाहेर पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. बसल्या बसल्या मनात आले, हाही पळता पळता थांबतो की काय? नाही, तो थांबत नाही. ते आमच्याकडे एकालाच जमत असे.