बूस्टर काढलेल्या ब्रेकचा हिशेब

रोजच्या मोटारीचा ब्रेक दाबताना गाडी आपल्याच पायाने थांबली, असे चालकाला वाटते. त्या कामात वातावरणाचा वाटा किती असतो, हे इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबले की समजते. साठवलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

इंजिन आणि चालक यांच्यामधील पत्र्याच्या भिंतीवर थाळीसारखा एक गोल डबा बसवलेला असतो. तोच ब्रेक बूस्टर. त्याच्या आतील रबरी पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेते. पेडल दाबताच दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते. पडदा 180 मिलिमीटर व्यासाचा आणि दाबातील फरक 65 किलोपास्कल धरला, तर सुमारे 1650 न्यूटन बल मिळते, म्हणजे जवळजवळ 170 किलोचा भार. (लेहसारख्या उंचीवर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असल्याने ही मदतही घटते.)

मग शर्यतीच्या ट्रॅकवरील गाडीतून ही मदत काढून का टाकतात? वजन वाचते हे कारण नेहमी पुढे केले जाते. पण ते सर्वांत दुबळे आहे, कारण वाचतात ते मोजके किलो. खरी अडचण इंजिनाची असते. शर्यतीसाठी बदललेल्या कॅमशाफ्टमुळे मंद गतीत व्हॅक्यूम पुरेसा तयार होत नाही. त्यामुळे बूस्टरची मदत कधी पूर्ण, कधी अर्धी मिळते. चाक लॉक होण्याच्या सीमेवर गाडी धरून ठेवणाऱ्या चालकाला कमी मदत चालते. बेभरवशाची मदत चालत नाही.

मात्र बूस्टर काढून दांडी थेट मास्टर सिलिंडरला जोडली की काम झाले, ही समजूत घातक आहे. चालकाचा पाय 400 न्यूटन बल लावतो आणि पेडलची तरफ ते चौपट करते, असे माना. हे 1600 न्यूटन आणि बूस्टरचे 1650 न्यूटन 22.2 मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरवर पडले की ब्रेक ऑइलमध्ये सुमारे 8.4 मेगापास्कल दाब निर्माण होतो. नुसता बूस्टर काढला, तर उरतो 4.1. पहिल्या दाबाला मंदन सेकंदाला सेकंदाला 9 मीटर धरले, तर ताशी 120 किलोमीटर वेगाची गाडी सुमारे 62 मीटरमध्ये थांबते. त्याच पायाने, बूस्टरविना, तिला 120 मीटरहून अधिक अंतर लागेल. वळण तोवर मागे पडलेले असेल.

म्हणून तरफेचे गुणोत्तर सहापट करतात आणि मास्टर सिलिंडर 19 मिलिमीटरचा घेतात. तेवढ्याच पायाने दाब पुन्हा 8.4 च्या आसपास येतो. पण कार्य फुकट मिळत नाही. कॅलिपरना लागणारे ऑइल तेवढेच असल्यामुळे पेडलला जवळजवळ दुप्पट अंतर जावे लागते. जिथे 40 मिलिमीटर पुरत होते, तिथे 80. हवेने केलेले काम आता पायाने, लांबचा रस्ता चालून करायचे असते. अशा वेळी रबरी नळ्यांचे फुगणे, ऑइलमधील हवेचा बुडबुडा, पेडल बसवलेल्या पत्र्याचे लवचिकपण हे सारे त्या मोजक्या अंतरातून आपला वाटा काढून घेतात. पोलादी जाळी गुंफलेल्या नळ्या आणि भक्कम आधार हे बदल म्हणूनच हौसेचे नसतात. पुढील आणि मागील चाकांसाठी स्वतंत्र मास्टर सिलिंडर घेतले, तर त्यांच्यातील वाटणीही हाताने जुळवता येते.

रस्त्यावरील गाडीला हा प्रयोग करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत असे फेरफार करण्यास मज्जाव करते. शिवाय ती गाडी उद्या घरातील ज्या कोणाच्या हाती जाईल, त्याच्या पायाला या दुप्पट अंतराची कल्पना नसते.

ज्यांना हे प्रत्यक्ष शिकायचे आहे, त्यांच्यासाठी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील फॉर्म्युला भारत ही स्पर्धा आहे. तेथील विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांत पायाचे बल थेट ऑइलकडे जाते. अशा स्पर्धांच्या नियमांनुसार पेडलने 2000 न्यूटन बल न मोडता सोसावे लागते, आणि ब्रेक चाचणीत वेग घेतलेल्या गाडीची चारही चाके लॉक व्हावी लागतात. तीनच झाली, तर गाडी परत तंबूत जाते आणि पुन्हा नळ्यांतील हवा काढण्यापासून सुरुवात होते.