काकांचा प्रश्न: माणसांची लस कधी?

नवापूर म्हटलं की आमच्या बडोद्याच्या मुलांना स्टेशनवरचा तो बाक आठवतो, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. त्यावर बसून फोटो काढला की त्यांची सहल वसूल. माझं मात्र ते माहेर. तिथे माझ्या काकांची पोल्ट्री होती, अंड्यांच्या कोंबड्यांची.

फेब्रुवारी २००६ मध्ये मी इथे बडोद्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मायक्रोबायॉलॉजी. १८ फेब्रुवारीला बातमी आली की भोपाळच्या प्रयोगशाळेला नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ विषाणू सापडला. भारतातला बर्ड फ्लूचा हा पहिला उद्रेक. दोन दिवसांत पांढरे पोशाख आणि गॉगल घातलेली पथकं गावात उतरली. काकांच्या दोन्ही शेड रिकाम्या झाल्या. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगाही गेल्या. इकडे बडोद्यात रावपुऱ्यातल्या आम्लेटच्या गाड्यांवर संध्याकाळी चिटपाखरू नसायचं.

काकांचा फोन आला. नुकसानीबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘तू हेच शिकतेस ना? मग सांग, याची लस नाही का?’’

मी म्हटलं, ‘‘कोंबड्यांची आहे काका, पण आपल्याकडे ती टोचत नाहीत. माणसांची बनवताहेत.’’

‘‘कधी येईल?’’

काकांकडची माणसं आजूबाजूच्या पाड्यांवरून यायची. खाद्य घालणं, विष्ठा काढणं, मेलेली कोंबडी उचलणं, सगळं उघड्या हातांनी. कोंबड्या मारण्याच्या कामावर होते त्यांना टॅमीफ्लूच्या गोळ्या दिल्या गेल्या. गावातल्या माणसांचे नमुने तपासणीला गेले आणि सुदैवाने एकालाही लागण झालेली निघाली नाही. काका विचारत होते ते या माणसांसाठी.

मी पुढे कॉलेजात शिकवायला लागले, पण या प्रश्नाचा माग काही सुटला नाही.

गोष्ट सुरू होते हाँगकाँगला. १९९७ मध्ये तिथे कोंबड्यांचा हा विषाणू थेट माणसांत आला. १८ जण आजारी पडले, ६ दगावले. वर्षअखेरीला सरकारने शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारून टाकल्या आणि ती साखळी तुटली. २००३ पासून आजवर जगात ९०० हून अधिक माणसांत एच५एन१ ची नोंद झाली, त्यातली जवळपास निम्मी गेली. (सौम्य आजार नोंदवहीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण कमी असणार. पण घाबरायला तेवढंही पुरे.) माणसापासून माणसाला मात्र तो सहज लागत नाही. कारण साधं आहे. विषाणूची किल्ली पक्ष्यांच्या पेशींवरच्या कुलपाला बसणारी आहे. आपल्या नाका-घशात वेगळ्या घडणीचं कुलूप आहे आणि पक्ष्यांसारखं कुलूप आहे ते खोल फुप्फुसात. किल्लीचे दोन-चार दाते बदलले तर? याच ‘तर’साठी लस बनवायची, तीही साथ येण्याआधी.

इथे पहिली अडचण आली, ती मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडते. फ्लूची लस कित्येक दशकं कोंबडीच्या फलित अंड्यांत बनते. विषाणू अंड्यात सोडायचा, वाढू द्यायचा, मग काढून निष्क्रिय करायचा. एच५एन१ अंड्यात सोडला की तो आतलं पिल्लूच मारून टाकायचा, लशीपुरता माल हाती लागायचा नाही. शिवाय हा रोग गावोगावच्या कोंबड्या संपवणारा. साथ आली आणि अंडी देणाऱ्या कोंबड्याच गेल्या, तर लस बनवायची कशात?

यातून वाट निघाली ती विषाणूची काटछाट करून. या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते एका जागी कापलं गेलं तरच विषाणू पेशीत शिरतो. साध्या फ्लूमध्ये ते कापणारी विकरं श्वासमार्गासारख्या मोजक्या ठिकाणी असतात. एच५एन१ मध्ये त्या जागी असा एक तुकडा असतो की शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही अवयवातली विकरं तो कापू शकतात. म्हणून कोंबडी एका दिवसात मान टाकते. शास्त्रज्ञांनी तो तुकडा जनुकातून काढून टाकला. मग बर्ड फ्लूची दोन जनुकं आणि १९३४ साली पोर्तो रिकोत मिळालेल्या, प्रयोगशाळेत माणसाळलेल्या एका जुन्या फ्लू विषाणूची सहा, अशी जोडणी केली. चेहरा एच५एन१ चा, स्वभाव गरीब. हा विषाणू अंड्यात गुण्यागोविंदाने वाढतो. या तंत्राला रिव्हर्स जेनेटिक्स म्हणतात. तुमच्यापैकी कोणी बायोटेक करत असेल तर त्याला विचारा, तास खाईल तुमचा.

लस तयार झाली आणि दुसरी पंचाईत पुढे आली. आपलं शरीर तिला दाद देईना. नेहमीच्या फ्लूच्या लशीत प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. अमेरिकेतल्या चाचणीत एच५एन१ चे ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस दिले, तरी निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांत पुरेशी प्रतिपिंडं दिसली. एप्रिल २००७ मध्ये तिथे या लशीला मान्यता मिळाली खरी, पण एका माणसामागे एवढा माल लागला तर जगाला पुरणार कशी? मग अॅडज्युव्हंट आलं, म्हणजे लशीत मिसळायचं तेल-पाण्याचं एक मिश्रण. मी वर्गात त्याला फोडणी म्हणते. डाळ तीच, पण फोडणी पडली की घरभर कळतं. या फोडणीमुळे काही लशींत ३.७५ मायक्रोग्रॅमवर काम भागायला लागलं. ९० भागिले ३.७५ करून बघा. एकाच्या वाट्यात २४ माणसं.

पुढे अंड्यांवाचून, पेशींच्या द्रवात वाढवलेली लसही आली; अमेरिकेने तिला जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली. एमआरएनएवर काम चाललं आहे, पण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने त्यासाठी एका कंपनीला देऊ केलेले कोट्यवधी डॉलर रद्द केले. साथ दिसत नसली की पैसा आटतो. शिवाय विषाणू बदलत राहतो, आज भरून ठेवलेली लस पाच वर्षांनी त्याला ओळखेलच असं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसून कुठल्या नव्या प्रकाराचं बियाणं तयार ठेवायचं ते ठरवतात. यातलं बहुतेक सारं कधी वापरलंच जाणार नाही. मला हा खर्च वाया वाटत नाही. घराचा विमा काढून आग लागली नाही म्हणून कोणी हळहळतं का?

प्रयोगशाळेतलं हे सगळं वाचताना मला अभिमान वाटतो. वाटपाचं वाचलं की वाटेनासा होतो.

२००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने आपल्याकडचे विषाणूचे नमुने बाहेर द्यायला नकार दिला. तेव्हा माणसांचे सर्वाधिक बळी तिथेच जात होते. त्यांच्या नमुन्यांवरून एका ऑस्ट्रेलियन कंपनीने लस बनवली होती आणि ती विकत घेणं इंडोनेशियालाच परवडणारं नव्हतं. आमचीच माणसं मरणार, विषाणू आमचाच जाणार आणि लस तुम्ही विकणार, असं त्यांच्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांचं म्हणणं. नमुने अडवल्याने सगळ्या जगाचा धोका वाढतो, हे खरंच. तरी मला त्यांचा राग येत नाही. चार वर्षं घासाघीस झाली आणि मे २०११ मध्ये करार झाला: नमुने सर्वांना द्यायचे आणि साथ आल्यास लस कंपन्यांनी उत्पादनाचा ठरावीक वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी ठेवायचा.

आपलाही अनुभव वेगळा नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा बंद, मास्कसाठी रांगा. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बनवली. युक्ती चांगली होती, कारण तशा लशीत एका अंड्यातून कितीतरी जास्त डोस निघतात. पण ती बाजारात आली जुलै २०१० मध्ये, आणि १० ऑगस्ट २०१० ला ती जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं.

आणि कोंबड्यांना टोचली तर? चीनमध्ये २०१३ पासून एच७एन९ नावाचा दुसरा बर्ड फ्लू दीड हजारांहून जास्त माणसांना झाला. सप्टेंबर २०१७ पासून त्यांनी देशभर कोंबड्यांना लस टोचली आणि पुढच्या हिवाळ्यात माणसांतले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. यात तोटाही आहे. टोचलेली कोंबडी आजारी न दिसता विषाणू पसरवू शकते, आणि निर्यातीला अडथळे येतात. आपल्याकडे भोपाळच्या संस्थेने सौम्य एच९एन२ साठी कोंबड्यांची लस तयार केली आहे. एच५एन१ आला की मात्र कोंबड्या मारायच्या, हेच धोरण. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा शेड रिकाम्या झाल्या.

मग काकांना काय सांगायचं? २०२४ मध्ये फिनलंडने कोंबड्यांच्या आणि फरच्या फार्मवर काम करणाऱ्यांना बर्ड फ्लूची लस देऊ केली. असं करणारा तो पहिला देश. दहा हजार माणसांना पुरेल इतकी लस त्यांनी घेतली. हे मी काकांना वाचून दाखवलं. त्यांचं वय आता ७८. ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे आली. आपल्याकडे नाही आली.’’

सध्या हाताशी आहे ती नेहमीच्या फ्लूची लस. ती बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. पण एकाच माणसाच्या अंगात साधा फ्लू आणि बर्ड फ्लू एकदम शिरले तर दोघांची जनुकं मिसळून नवाच विषाणू तयार होऊ शकतो, ती शक्यता कमी होते. पोल्ट्री आता माझा चुलतभाऊ बघतो. पैशांवरून आमची जरा वादावादी झाली, मग निम्मे त्याने घातले, निम्मे मी. गेल्या दिवाळीला मी नवापूरला गेले तेव्हा गावातल्या डॉक्टरांना शेडवरच बोलावलं. अकरा जणांनी टोचून घेतली. बाराव्याने नाही घेतली. म्हणाला, ‘‘ताई, हात दुखला तर उद्या ट्रे कोण उचलेल?’’ भावाने त्याला दुसऱ्या दिवशी पगारी सुट्टी देऊ केली, तेव्हा बघतो म्हणाला. होळीला जाईन तेव्हा परत विचारणार आहे.