छत्र्यांची सर्कस व आमचे काका

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या नातवाने जेवता जेवता विचारले, "आजोबा, आपल्या देशात सर्कस पहिल्यांदा कोणी काढली?" शाळेतून काही लिहून आणावयास सांगितले असावे. मी "विष्णुपंत छत्रे" एवढेच उत्तर दिले व ताकभाताकडे वळलो. त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. कारण 'सर्कस' हा शब्द आमच्या घरात पंगतीला उच्चारण्याची एके काळी चोरी होती. त्याचे कारण पुढे येईलच. प्रथम त्या थोर गृहस्थाविषयी लिहितो.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. घराणे ब्राह्मणाचे, परंतु ह्या मुलाचे चित्त पोथीपेक्षा घोड्यात आणि गाण्यात अधिक. दोन्ही विद्यांसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या व हद्दूखाँसाहेबांकडे ख्यालगायन असे दुहेरी शिक्षण चालले. माणसाने एका जन्मात एक विद्या धड करावी असे मी मुलांना पुष्कळ वर्षे सांगत आलो. विष्णुपंतांचे चरित्र समजल्यावर ते सांगणे मी सोडून दिले.

दक्षिणेकडे परतल्यावर कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेत ते अश्वशिक्षक झाले. १८७९ साली चिआरिनी नामक इटालियनाची 'रॉयल इटालियन सर्कस' मुंबईस आली. कुरुंदवाडकरांसह विष्णुपंत तो खेळ पाहावयास गेले. असले खेळ करावयास हिंदुस्थानातील लोकांस अजून फार अवकाश आहे, अशा अर्थाचे काही चिआरिनी बोलला आणि ते विष्णुपंतांना झोंबले, अशी आख्यायिका आहे. पैजेचा आकडा व मुदत प्रत्येक सांगणारा निराळी सांगतो. परंतु १८८० च्या मार्च महिन्यात छत्र्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला, ह्यात आख्यायिकेचा भाग नाही.

हे काम एवढ्या थोड्या अवधीत कसे साधले, असे पुष्कळांस वाटते. मला त्याचे नवल वाटत नाही. घोडे व ते फिरविणारी माणसे संस्थानांच्या पागांत होती. कसलेली शरीरे तालमींत व मल्लखांबावर तयार होती. आणि १८७० पासून मुंबई ते कलकत्ता आगगाडी सुरू झाल्यामुळे तंबू, जनावरे व माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचा मार्गही खुला झाला होता. सामग्री सगळी पडलेलीच होती. ती एका रिंगणात आणणारा माणूस पाहिजे होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच मुलखातून कार्लेकरांची सर्कस निघाली, म्हैसाळच्या देवलांची निघाली. कृष्णा-वारणेचा तो टापू सर्कशींचे माहेरच झाला.

छत्र्यांच्या ह्या उद्योगाची मला विशेष वाटणारी गोष्ट म्हणजे ते घरचे काम होते. विष्णुपंतांचे धाकटे बंधू काशीनाथपंत हे त्यात सामील झाले व पुढे सर्कशीचा सगळा भार त्यांनीच वाहिला. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांस ह्यातले मर्म वेगळे सांगावयास नको. थोरल्याने झेंडा लावावा आणि धाकट्याने काठी धरून उन्हात उभे राहावे, असेच बहुधा चालते. आणि नाव थोरल्याचे होते. काशीनाथपंतांची त्याविषयी तक्रार असल्याचे माझ्या वाचनात नाही.

दौरे करीत ही मंडळी मलबारात तेलिचेरीस पोहोचली. तेथे कीलेरी कुञ्ञिकण्णन् नावाचे कसरतीचे शिक्षक होते. विष्णुपंतांच्या भेटीनंतर त्यांनी सर्कशीसाठी मुले तयार करण्याचे काम अंगावर घेतले, १९०१ साली त्याची शाळाच घातली. आणि १९०४ मध्ये त्यांच्या एका शिष्याने मलबारची पहिली सर्कस उभी केली. पुढे भारतातील बहुतेक तंबूंत झुल्यावर मलबारचीच माणसे दिसू लागली, त्याचे मूळ ह्या भेटीत आहे. ज्याने विद्या नेली त्याच्याच मुलखात ती मागे पडावी व जेथे नेली तेथे फोफावावी, हे इतर शास्त्रांतही पुष्कळदा घडले आहे.

आता रहिमतखाँसाहेबांची हकीकत. ते हद्दूखाँचे चिरंजीव, म्हणजे विष्णुपंतांचे गुरुबंधू. गळा असा की लोक त्यांना भूगंधर्व म्हणत. वडील व भाऊ गेल्यावर त्यांच्या चित्ताचा तोल सुटला, अफूचे व्यसन जडले, आणि हा गंधर्व काशीत रस्त्यावर भटकताना विष्णुपंतांच्या दृष्टीस पडला. विष्णुपंतांनी त्यांना उचलून आपल्याबरोबर आणले. जेथे सर्कशीचा मुक्काम तेथे खाँसाहेबांचा मुक्काम. तंबूत घोडे नाचत आणि बैठकीत खाँसाहेब गात. त्यांना केव्हा खावयास द्यावे, किती अफू द्यावी, गावयास केव्हा बसवावे, सगळे छत्र्यांनी पाहावयाचे. १९०५ साली विष्णुपंत निवर्तले. एखाद्या घरात अशा वेळी 'दादांचा पाहुणा आता पुरे' असे म्हटले गेले असते. काशीनाथपंतांनी तसे म्हटले नाही. भावाने पत्करलेला माणूस त्यांनी पुढे सांभाळला. खाँसाहेब १९२२ साली कुरुंदवाडास वारले. त्यांच्या गाण्याच्या थोड्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतली भैरवी मी एका स्नेह्याकडे ऐकली आहे. तीविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

हे सर्व मला ज्यांच्यामुळे कळले ते आमचे बापूकाका. ते माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. वडिलांना आम्ही मुले व काकाही 'अण्णा'च म्हणत. आमचे घर मेहकरचे, बुलढाणा जिल्ह्यातले. घरात आजोबांचे संस्कृत, अण्णांची कचेरीतली कारकुनी आणि जेवावयास रोज चौदा-पंधरा पाने. १९५४ साली, म्हणजे माझ्या जन्मापूर्वी चार वर्षे, बापूकाका एका सर्कशीत हिशेबनीस म्हणून निघून गेले. ना वाघाशी झुंज, ना झुल्यावर उड्या. चाऱ्याचा, मांसाचा, रेल्वेच्या भाड्याचा व पगाराचा जमाखर्च लिहिणे एवढेच त्यांचे काम. पण आजोबांच्या दृष्टीने रिंगणात उभा राहणारा आणि रिंगणाबाहेर वही लिहिणारा सारखेच. त्या दिवसापासून बापूकाकांचे नाव पंगतीला निघेनासे झाले.

आजोबा १९६७ साली गेले. काका कोठेतरी बंगालकडे होते; तार उशिरा पोहोचली. ते आले ते वर्षश्राद्धाला. मी तेव्हा दहा वर्षांचा, आजोबांनी शिकविलेली रूपावली तोंडपाठ असल्याच्या ऐटीत. ओसरीवर थोरल्या चुलत आजोबांनी मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढला. श्राद्धाच्या पंगतीस कोण वर्ज्य, ह्याची जी यादी तेथे आहे तीत 'कुशीलव' आहे. हा सर्कशीचे अन्न खातो, सबब ह्याचे पान वेगळे मांडा, असा निर्णय झाला. तो नियम पितरांसाठी बोलावलेल्या ब्राह्मणांविषयी आहे, पोटच्या मुलाविषयी नव्हे, हे मला पुढे स्वतः वाचल्यावर समजले. तिथे जमलेल्या जाणत्या माणसांपैकी कोणालाच ते ठाऊक नसेल, असे आता वाटत नाही. कुश आणि लव ह्यांनी गावोगाव रामकथा गायिली म्हणून त्यांच्या नावाची सांगड ह्याच शब्दाशी घालतात, हेही त्या वेळी कोणास आठवले नाही.

बापूकाकांचे पान ओसरीच्या कोपऱ्यात मांडले गेले. काका त्या पानाकडे थोडा वेळ पाहत राहिले, पाण्याचे आचमन केले, पानाला नमस्कार केला व पिशवी घेऊन एस. टी. च्या थांब्याकडे चालू लागले. अण्णा यजमान, ते आत पंगतीत उभे होते. त्यांना ओसरी दिसत होती. ते काही बोलले नाहीत.

पुढची दोन वर्षे घरात त्याविषयी चकार शब्द निघाला नाही. १९७० च्या डिसेंबरात एक कार्ड आले: मुक्काम खामगाव, तीन आठवडे. सर्कशी आमच्या जिल्ह्यात यावयाच्या त्या कपाशीच्या हंगामात, लोकांच्या हाती पैसा खेळत असे तेव्हा. आणि खामगावालाच, कारण तो कापसाचा मोठा बाजार व जलंबहून तेथवर रेल्वेचा फाटा; हत्ती-घोडे मेहकरच्या घाटवाटांनी कोण आणणार! अण्णांनी कार्ड दोनदा वाचले, कचेरीत रजेचा अर्ज दिला आणि मला म्हणाले, "चल, सर्कस पाहून येऊ." आईने डबा बांधून दिला. तो त्यांनी घेतला खरा, पण तेवढ्या प्रवासात उघडला नाही. मला भूक लागली होती म्हणून हे लक्षात राहिले.

खेळाचे वर्णन करीत नाही. ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मला अधिक आठवते ते तंबूच्या मागचे गाव. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, चुली, शिकवणीला बसवलेली मुले, एका बाजूला हत्तीच्या पायाशी गवताचे भारे मोजून घेणारा माहूत, आणि एका लहान तंबूत पेटीवर वही ठेवून बसलेले आमचे काका. अण्णांना दारात पाहताच ते उठले. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "अण्णा, खेळाला अजून तास आहे. चहा मागवतो."

अण्णा म्हणाले, "चहा नको. तुमची जेवणाची वेळ कोणती?"

काकांना प्रथम अर्थ लागला नसावा. "आमची पंगत आत्ताच बसते," ते म्हणाले. "पण तुमच्यासाठी मी गावात एका ब्राह्मणाच्या खाणावळीत..."

"तुझ्या पंगतीत एक पान मांड. ह्याचेही मांड."

स्वयंपाकाच्या तंबूत सतरंजीच्या पट्ट्या घातल्या होत्या. वाढणारा मलबारी होता. माझ्या एका बाजूस झुल्यावरच्या दोघी नेपाळी मुली, दुसऱ्या बाजूस अण्णा, त्यांच्या पलीकडे काका, त्याच्याही पलीकडे मघाचा मुसलमान माहूत. भात, सांबार, एक भाजी व ताक. अण्णांनी चित्राहुती घातल्या, आचमन घेतले आणि सर्वांबरोबर जेवले. पुन्हा भातही मागून घेतला. दोघे भाऊ जेवताना काहीच बोलले नाहीत. जेवण झाल्यावर काका माझ्याकडे वळले व विष्णुपंत छत्र्यांची गोष्ट त्यांनी मला सांगावयास प्रारंभ केला. रहिमतखाँपर्यंत येऊन ते थांबले, कारण खेळाची घंटा झाली. आमचा डबा तसाच परत आला. आईने तो उघडून पाहिला, अण्णांकडे पाहिले, आणि त्यातल्या पोळ्या गाईला घातल्या. चुलत आजोबांना ही गोष्ट कळली होती की नाही, मला सांगता येत नाही. परंतु पुढच्या वर्षीच्या श्राद्धाला काका आले आणि अण्णांनी त्यांना आपल्या शेजारी बसविले, तेव्हा तिसरा अध्याय कोणी काढला नाही.

सर्कशींचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९९८ साली सरकारने वाघ, सिंह, अस्वले, बिबटे व माकडे ह्यांचे खेळ बंद करण्याची अधिसूचना काढली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चौदा वर्षांखालील मुलांनाही २०११ पासून रिंगणात मनाई झाली. हे दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. पुण्याचे दामू धोत्रे मामांच्या सर्कशीत वाढून वाघसिंहांचे नामांकित शिक्षक झाले व १९४० साली अमेरिकेतल्या रिंगलिंग बंधूंकडे गेले. त्यांचे आत्मचरित्र मी मुलांना वाचून दाखवीत असे. परंतु पिंजऱ्यातले जनावर काही आत्मचरित्र लिहीत नाही. तंबू मात्र ह्यानंतर ओस पडत गेले. पुण्याची रॅम्बो सर्कस १९९१ साली निघाली, ती वडिलांच्या हातून मुलाच्या हाती आली. २०२० च्या टाळेबंदीत तिचा मुक्काम नवी मुंबईत ऐरोलीला अडकला, तेव्हा त्यांनी आपला खेळ चित्रित करून लोकांना घरबसल्या दाखविला. काकांना ही युक्ती आवडली असती. त्यात रेल्वेचे भाडे नाही.

काका शेवटली वर्षे मेहकरलाच आमच्यात राहिले आणि १९९४ साली वारले. त्यांच्या पेटीत धोतरजोड्याखाली खासगी टिपणवह्या होत्या, वर्षाची एक. नातवाच्या प्रश्नानंतर मी त्या काढल्या. सर्कशीच्या कीर्दीत न जाणारे स्वतःचे खर्च त्यांनी त्यांत लिहिले आहेत: कार्डे, विडीकाडी, औषध, एका विदूषकास दिलेले उसने पाच रुपये व ते परत आल्याची खूण. १९७० च्या वहीत डिसेंबरातले ते पान सापडले. तारखेखाली एकच नोंद आहे. "पाहुणे २. जेवण. कंपनीने घेत नाही म्हटले. माझ्या नावे मांडून भरले. रु. २." आणि समोरच्या समासात, जेथे ते एरवी खर्चाचे कारण लिहीत, तेथे अक्षर जरा मोठे काढून लिहिले आहे: "अण्णा जेवले."