पाठ चिरण्याचा शब्द

जपानीत 'होरु' या एकाच उच्चाराची दोन क्रियापदं आहेत. एकाचा अर्थ लाकूड-दगडात कोरणं, दुसऱ्याचा जमीन खोदणं. लिहिताना चिन्हं वेगळी, कानाला फरक नाही. हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही, कारण आपण विहीरही खोदतो आणि शिलालेखही खोदतो. भद्रावतीच्या विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आमच्याकडे कुणी 'कोरलेली' म्हणतं, कुणी 'खोदलेली'. कुणीच कुणाला दुरुस्त करत नाही.

मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. जपानी शिकायला लागले ती हौसेनं. संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग, नमस्कार-चमत्कार, रेल्वेचं तिकीट कसं मागायचं वगैरे. मूर्तिकामाचे शब्द त्यात नव्हतेच. ते दादामुळे आले.

दादाचं सुतारकामाचं दुकान आहे. दारं-चौकटी हे पोटाचं काम, मूर्ती जिवाचं. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, त्या गर्दीत आमचे आजोबा होते. आज या भागात गावोगावी विहार आहेत, पण आतली मूर्ती बहुधा संगमरवराची, नाहीतर फायबरची, लांबून आणलेली. दादाला हे खुपतं. आलापल्लीचं सागवान साऱ्या देशाला ठाऊक. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं तेव्हा मिरवणूक निघाली होती. मग आपल्याच विहारात फायबर कशाला, हा त्याचा प्रश्न.

मूल तालुक्यातल्या एका गावानं त्याचं ऐकलं. वर्गणी झाली, डेपोच्या लिलावातून तीन फुटी ओंडका आला. गावाची अट एकच होती: मूर्ती अखंड हवी. सांधा नको, जोड नको.

अखंड या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. वैताग असा, की लाकडाला तो शब्द कळत नाही. वाळताना लाकूड गाभ्यापासून सालीच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वलयांच्या कडेनं आकसतं. गाभा आत असलेला पूर्ण गोल ओंडका हा ताण सहन करू शकत नाही. कुठेतरी सालीपासून गाभ्यापर्यंत तडा जाणारच. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, कमी आकसतं. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. तडा कुठे जाईल हे ओंडका ठरवतो. तो चेहऱ्यावरून गेला तर?

म्हणून मी हजार वर्षं लाकडाचे बुद्ध करणाऱ्यांच्या भाषेत शिरले. मूर्तींची नावं सोपी गेली. 'शाका' म्हणजे आपला शाक्यमुनी, 'मिरोकु' मैत्रेय, 'बोसात्सु' बोधिसत्त्व. हे शब्द इकडूनच गेलेले, चीनमधून वळसा घालून. हत्यारांचंही जमलं: 'नोमी' म्हणजे पटाशी, 'चोना' म्हणजे वाकस. दादाला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "दांडा वाकडा हाय, बाकी आपलीच."

खरे परके शब्द पुढे होते, आणि ते सगळे तड्याभोवतीचे होते. 'इचिबोकु-झुकुरी' म्हणजे एका ओंडक्यातली मूर्ती, गावाला हवी तशी. जुन्या जपानी मूर्ती अशाच, आणि त्यांना तडे जात. त्यावर उपाय 'उचिगुरी': मूर्ती आतून पोखरून घ्यायची, म्हणजे आकसायला लाकूडच कमी उरतं. मग 'योसेगी-झुकुरी', वेगवेगळे ठोकळे कोरून जोडायचे. ही पद्धत ज्योचो नावाच्या मूर्तिकारानं पूर्णत्वाला नेली. ब्योदो-इनमधली त्याची 1053 सालची अमिदा मूर्ती अजून जागेवर आहे. नाराच्या तोदाइ-जीचे आठ मीटरहून उंच द्वारपाल 1203 मध्ये असेच उभे राहिले. 1988 नंतर दुरुस्तीसाठी उतरवले, तेव्हा एकेकात सुमारे तीन हजार तुकडे मोजले गेले. तीन हजार! आणि आम्ही एका सांध्यावरून अडून बसलेलो.

मला वाटलं होतं, द्वारपालांची गोष्ट ऐकून गाव मानेल. विहार समितीतल्या एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते जपान झालं. आमच्या पोराईले मी जोडलेला बुद्ध दाखवू का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला ते चूकही वाटत नाहीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मोडकंतोडकंच मिळालं, त्यांनी अखंड मागावं यात हट्ट कसला?

मग सापडला 'सेवारी'. 'से' म्हणजे पाठ, 'वारी' म्हणजे फोडणं, चिरणं. मूर्तिकारांपेक्षा हा घरबांधणीतला शब्द. खांबाच्या मागच्या बाजूनं गाभ्यापर्यंत आधीच एक सरळ चीर द्यायची. लाकूड आकसताना तीच चीर रुंदावते, दर्शनी बाजू वाचते. जोड नाही, तुकडा नाही. तडा जाणारच आहे, तर आपण सांगू तिथे जा.

दादा बराच वेळ ओंडक्याभोवती फिरला. वलयं बघितली, गाभा कुठल्या बाजूला सरकलाय ते बघितलं, चेहरा कुठे येईल तिथे खडूनं गोल काढला.

"बुद्धाच्या पाठीत करवत घालाची?" मी विचारलं. शब्द मीच आणलेला, पण करवत समोर आल्यावर धीर होईना.

"मंग समोरून फाटू द्याचं का?"

आजोबांना विचारूनच चीर दिली. ते स्वतः आले, पाठ भिंतीकडे राहील ना एवढं पाहिलं आणि खुर्ची मागवून शेवटपर्यंत बसले. मूर्ती अजून अर्धीच झाली आहे; केसांची वळणं, ज्यांना जपानीत 'राहोत्सु' म्हणतात, पावसाळ्यानंतर होतील. यंदाचा मे मात्र तिनं काढला. चेहऱ्यावर काही नाही. मागची चीर मार्चमध्ये करवतीच्या पात्याएवढी होती, आता तीत माझं करंगळीचं टोक जातं.

दुकानातल्या पोरांनी सेवारीची कधीच 'सावरी' करून टाकली आहे. दर सोमवारी कुणीतरी पट्टी घेऊन मागे जातो आणि दादा रंध्यावरून मान न उचलता विचारतो, "सावरी किती सुटली रे?"