ओल्या लंगोटाचा दाखला

घरात बाळंतपण जवळ आले की झबल्याटोपड्यांची चर्चा मोठ्या हौसेने होते. परंतु ज्या वस्त्राशी अर्भकाचा अहोरात्र संबंध येणार, त्या लंगोटाचा प्रश्न मात्र डायपरचा पुडा आणण्याची तजवीज झाली की निकालात निघतो. बालरोगचिकित्सेत आयुष्य घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याला अद्याप वाचा नाही त्या जीवाचे दप्तर म्हणजे त्याची बाळोती होत, आणि कापडी लंगोट वापरावयास शिकणे म्हणजे मुख्यतः हे दप्तर वाचावयास शिकणे होय.

पहिल्या दिवशी एखाददुसराच लंगोट भिजतो. पुढे आईचे दूध वाढत जाते तशी ही संख्या वाढते, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होऊ लागले की बाळाच्या पोटात पुरेसे दूध जात असल्याचा दाखला मिळतो. आरंभीची काळपट चिकट शी चारपाच दिवसांत पिवळी होते. पहिल्या एकदोन दिवसांत कापडावर दिसणारा विटकरी डाग भयाचे कारण नसतो. तोच पुढेही दिसत राहिला तर दूध अपुरे पडत असल्याची शंका घ्यावी. नवजात अर्भकाचे मूत्र जवळजवळ वर्णहीन असते. म्हणून पांढऱ्या कापडावर गडद पिवळा डाग पडू लागला, किंवा शी पांढुरकी, मातीच्या रंगाची होऊ लागली, तर एक दिवसही न दवडता वैद्याकडे जावे. कारण पित्तनलिका बंद असण्याच्या विकारात कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांच्या आत झाल्यास यशाची आशा अधिक असते. डायपरमधील रासायनिक चूर्ण ओल गिळून टाकते, ही त्याची सोय खरी; पण त्या सोयीपायी हा सारा मजकूर पुष्कळदा अवाचित राहतो.

आजोबांच्या जुन्या धोतराची किंवा आजीच्या विटलेल्या लुगड्याची बाळोती करण्याचा आपल्याकडील शिरस्ता केवळ काटकसरीतून आलेला नव्हता. कोऱ्या सुतावर नैसर्गिक मेणाचा अंश असतो व तो पाणी सहज शोषू देत नाही. वारंवार धुतलेल्या कापडातून तो निघून गेलेला असतो. म्हणून नवे लंगोट वापरण्यापूर्वी चारपाच वेळा धुवावेत. प्रारंभ सहा लंगोटांनी, तोही केवळ दिवसापुरता करावा. हात बसला की वीस-चोवीसांचा संच रोजच्या धुण्यास पुरतो. पावसाळ्यात लंगोटात घालावयाच्या जाड, अनेकपदरी घडीपेक्षा (इन्सर्टपेक्षा) उलगडून वाळवता येणारे पातळ चौकोनी कापडच उपयोगी पडते.

धुण्याविषयी एक चूक माझ्या हातून घडली, ती सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात सर्व लंगोट शेवटी जंतुनाशक द्रवात बुडवावेत असा माझा हुकूम होता, आणि तरीही कक्षातील अर्भकांच्या जांघा लालच होत राहिल्या. अखेर एका वृद्ध आयाबाईंनी वाळत घालण्यापूर्वीचे फडके माझ्यासमोर पिळले व त्या म्हणाल्या, “बाई, पाणी अजून दुधाळ येतंय बघा.” औषधाचा तो अवशेषच त्वचेला जाळत होता. तेव्हापासून मी इतकेच सांगते : शी आधी काढून टाकावी, प्रथम थंड पाण्यात खळबळावे, साबण बेताचा वापरावा, फेस पूर्ण जाईपर्यंत विसळावे व कडक उन्हात वाळवावे. कापड मऊ करणारी द्रव्ये तर वर्ज्यच समजावीत, कारण त्यांचा लेप शोषणशक्ती घालवतो.

पण उत्तम धुतलेला लंगोटही वेळेवर बदलला नाही तर व्यर्थ. मूत्रातील युरियापासून अमोनिया होतो, त्याने त्वचेवरील अल्कता वाढते, आणि शीमधील पाचकद्रव्ये अधिक तीव्र होऊन कोवळ्या त्वचेवर आघात करतात. म्हणून ओला लंगोट दोन तासांच्या आत, आणि शी झालेला तत्काळ बदलावा. बांधताना पाय सरळ आवळू नयेत; मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या व मोकळ्या राहिल्या म्हणजे खुब्याचा सांधा नीट घडतो.

रात्री किंवा प्रवासात कोणी डायपर वापरला तर त्याबद्दल आईने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यावा; नीट गुंडाळण्याचे 2016 च्या घनकचरा नियमांतही सांगितलेले होते, आणि तो उचलणाऱ्या हातांप्रति आपले ते कर्तव्यही आहे. धुण्याचा भार बाळंतिणीवर पडणार असेल तर मात्र मी लंगोटांचा आग्रह धरीत नाही. ते काम घरातील इतरांनी, विशेषतः बापाने, पत्करावे.

दवाखान्यातून घरी गेलेल्या आईचा आठवड्याभरात व्याकूळ स्वरात फोन येतो, “दूध पुरतंय ना हो बाळाला?” मी विचारते, “कालपासून दोरीवर किती आले?” तिला आठवत नाही, पण मागून धुणाऱ्याचा आवाज येतो, “सात,” आणि ती शांत होते.