धुतलेले हात

पवित्र मिस्साबलिदानात अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू हात धुतो. एक वेदीसेवक पाणी घालतो, दुसरा टॉवेल पुढे करतो. पंचवीसहून अधिक वर्षे हा विधी मी करीत आलो. पण खरे सांगायचे तर बोटांची टोके ओली करण्यापलीकडे त्याकडे माझे लक्ष नसे. हात धुणे म्हणजे काय, हे मला नऊशे ग्रॅम वजनाच्या एका बाळाने शिकविले.

ही २०१७ सालच्या उपवासकाळातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण दांपत्याला सत्ताविसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला, "फादर, पोरीचा भरवसा नाही. स्नानसंस्कार करून घ्या." पवित्र जलाची बाटली घेऊन मी तातडीने निघालो. अतिदक्षता विभागाच्या दाराशीच परिचारिकेने मला थांबविले. घड्याळ काढा, कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, आणि हे पाणी आत नेता येणार नाही. मी मनातून दुखावलो. एका धर्मगुरूच्या हातांचा हा संशय! घाईघाईनेच हात धुतले. तिने सिरिंजमध्ये दिलेले निर्जंतुक पाणी बाळाच्या मस्तकावर थेंब थेंब ओतले, तिचे नाव मरिया ठेवले आणि अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. तिची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती.

बाराव्या दिवशी बाळ मलूल झाले. रक्ताच्या तपासणीत बुरशी सापडली. आजी थक्क होऊन म्हणाली, "पावावर चढते ती बुरशी? ती लेकराच्या रक्तात कशी गेली?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. ही बुरशी पावावरची नव्हे. हिचे नाव कॅन्डिडा. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या त्वचेवर, तोंडात, आतड्यांत मुकाट्याने राहते. निरोगी माणसाला सहसा तिचा त्रास होत नाही. पण एवढ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा तिला अडवू शकत नाही आणि प्रतिकारशक्तीही कोवळी असते. शिरेत घातलेली नळी बाळाला जगविते, तीच बुरशीला वाट देते. जंतूंवर दिलेली प्रतिजैविके चांगल्या जंतूंनाही मारतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ती प्रसूतीच्या वेळी आईकडून येऊ शकते, किंवा बाळाला हाताळणाऱ्या कोणाच्याही हातांवरून.

ते ऐकून बाळाच्या आईने मला विचारले, "फादर, माझ्यामुळेच झाले का हे?" मी तिचे सांत्वन केले. सांत्वनाचे शब्द माझ्यापाशी तयारच असतात. पण त्या रात्री मला झोप आली नाही. घाईने धुतलेले माझे हात आणि त्या कपाळावरचा माझा अंगठा डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांपाशी मन मोकळे केले. ते म्हणाले, "कोणाच्या हातून आली, हे कोणीच सांगू शकणार नाही. दोषी शोधून बाळ बरे होत नाही, फादर. पुन्हा याल तेव्हा हात नीट धुवा." पापनिवेदनाच्या आसनावर बसून मी पुष्कळांना उपदेश केला आहे, इतका नेमका क्वचितच.

बाळाची जुनी नळी काढली. शिरेतून अँफोटेरिसिन सुरू झाले. हे औषध मूळचे मातीतील सूक्ष्म जिवापासून मिळालेले. बुरशी डोळे, मूत्रपिंडे, मेंदू यांत तर शिरली नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासले गेले. या आजारात कित्येक बाळे दगावतात आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या वाढीवर परिणाम राहतो. आधीच काळजी घेण्याचा उपाय आहे. अमेरिकेत हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या १०० बाळांवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. फ्लुकोनॅझोल दिलेल्या ५० बाळांपैकी एकालाही ही लागण झाली नाही. न दिलेल्या ५० पैकी १० जणांना झाली. ज्या रुग्णालयांत ही लागण वारंवार होते, तेथे अशा बाळांना हे औषध आधीपासून देतात. तरीही पहिला उपाय साबण-पाण्याचाच.

मरिया वाचली. तिसऱ्या महिन्यात ती घरी आली. तेव्हा मी आजीला बजावले, "कौतुकाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी मोरीकडे पाठवा. आणि सुनेला कोणी बोल लावू नका." वाचकहो, तुमच्या घरीही असे लेकरू आले तर एवढे करा.

यंदा मरियाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचे आमंत्रण आले. पांढऱ्या झग्यात ती रांगेत उभी होती. सेमिनरीत शिकलेले लॅटिन आठवले : कॅन्डिडा म्हणजे शुभ्र. स्नानसंस्काराच्या शुभ्र वस्त्राचा आणि त्या बुरशीचा रंग एकच.

हल्ली अर्पणविधीच्या वेळी मी हात सावकाश धुतो. वेदीसेवक मुलगा कधी कधी माझ्याकडे पाहत राहतो. मी त्याला म्हणतो, "आणखी थोडे घाल."